अतिनील किरण आणि शस्त्रक्रिया : एका सरसकट निकालाचे खंडन

बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव, सोलापूर या सीमापट्ट्यातल्या लहान रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया-गृहात भिंतीवर एक नळीसारखा दिवा पुष्कळदा दिसतो. दिवसभर तो बंद असतो. शेवटचा रुग्ण बाहेर नेला, फरशी पुसून झाली, दार ओढून घेतले, की तो लावतात. सकाळी पहिला रुग्ण आत येण्याआधी मालवतात. हा यूव्ही दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. शस्त्रक्रिया चालू असताना तो लावण्याचा विचार कोणी बोलून दाखवला, तर जाणते डॉक्टर मान हलवतात. ते म्हणतात, तो प्रयोग साठ वर्षांपूर्वीच फसला. उपयोग सिद्ध झाला नाही, धोका मात्र सिद्ध झाला. दिवा लावायचाच असेल तर रिकाम्या खोलीत लावा.

हे मत आज सर्वमान्य आहे. ते ज्या स्वरूपात मांडले जाते, त्या स्वरूपात चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. ते का चुकीचे, हे मी पुराव्यानिशी दाखवणार आहे. निवाडा वाचकांनी करावा.

पूर्वपक्ष

प्रतिपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला किंमत राहत नाही. म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

पहिला मुद्दा पुराव्याचा. १९६४ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. पाच केंद्रे, १४,८५४ रुग्ण, १५,६१३ जखमा. काही शस्त्रक्रिया अतिनील दिव्यांखाली झाल्या, काही दिव्यांविना. दिव्यांमुळे हवेतले जंतू घटले. परंतु जखमेत संसर्ग होण्याचे एकूण प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले, सुमारे साडेसात टक्के. इतका मोठा, इतका काटेकोर अभ्यास त्या काळात दुसरा नव्हता.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९९९ साली शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग टाळण्यासाठी मार्गदर्शिका काढली. जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी शस्त्रक्रिया-गृहात अतिनील किरण वापरू नयेत, असे तीत स्पष्ट सांगितले आहे. आणि ही शिफारस साधी नव्हे, आग्रहाच्या वर्गातली आहे.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. हे किरण डोळ्यांच्या बुबुळाला आणि उघड्या त्वचेला इजा करतात. चौथा पर्यायांचा. हवा गाळून तिचा एकाच दिशेने संथ प्रवाह सोडणारी लॅमिनार फ्लो यंत्रणा आता उपलब्ध आहे, शस्त्रक्रियेआधी द्यायची प्रतिजैविके आहेत. मग जुना दिवा कशाला हवा? पाचवा मुद्दा आपल्यासारख्या भागासाठी सर्वांत वजनदार आहे. जिथे हात धुण्याला पुरेसे पाणी नसते आणि ऑटोक्लेव्हची, म्हणजे अवजारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, नियमित तपासणी होत नाही, तिथे दिव्याची चर्चा करणे म्हणजे पाया सोडून कळसाची चर्चा करणे होय.

या पाचही मुद्द्यांत सत्याचा अंश आहे. पाचवा तर मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. पण या पाचांची बेरीज करून जो निष्कर्ष काढला जातो, तो या पाचांतून निघत नाही.

माझा दावाही आधीच स्पष्ट करतो, म्हणजे नंतर कोणी तो फुगवून पाडू नये. अतिनील दिवा लावला की संसर्ग टळतो, असे मी म्हणत नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेत तो लावावा, असेही म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे : ज्या शस्त्रक्रियांत हवेतून येणारे जंतू हाच मुख्य धोका असतो, विशेषतः जिथे शरीरात धातूचा सांधा किंवा सळई बसवली जाते, तिथे चालू शस्त्रक्रियेतल्या अतिनील किरणांच्या बाजूने पुरावा आहे, त्याला ‘फसलेला प्रयोग’ म्हणणे हे त्या पुराव्याचे चुकीचे वाचन आहे.

जंतू येतात कोठून?

सारा वाद या एका प्रश्नावर उभा आहे. शस्त्रक्रिया-गृहातल्या हवेत जंतू भिंतीतून येत नाहीत. छतातूनही येत नाहीत. ते माणसांबरोबर येतात. माणसाच्या त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे सतत गळत असतात. चालताना मिनिटाला सुमारे दहा हजार. त्यांतल्या काहींवर जिवंत जंतू बसलेले असतात. हे पापुद्रे कपड्यांच्या विणीतून बाहेर पडतात, हवेत तरंगतात आणि हळूहळू खाली बसतात. खाली म्हणजे फरशीवर, अवजारांच्या ट्रेवर आणि उघड्या जखमेत.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शल्यविशारद डेरिल हार्ट यांना १९३०च्या दशकात याच प्रश्नाने ग्रासले होते. क्षयरोग्यांच्या छातीच्या फासळ्या काढण्यासारख्या मोठ्या पण स्वच्छ शस्त्रक्रियांनंतर जखमा चिघळत होत्या. अवजारे निर्जंतुक होती, हात धुतलेले होते, चादरीही निर्जंतुक होत्या. त्यांनी हवेतले जंतू मोजले, तेव्हा जखमेत सापडणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू हवेतही सापडला. आणि तोच खोलीतल्या माणसांच्या नाकाघशातही होता. मग हार्ट यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर अतिनील दिवे बसवले आणि शस्त्रक्रिया चालू असताना ते चालू ठेवले. १९३६ साली त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला.

हार्ट यांच्या पद्धतीतला महत्त्वाचा भाग दिवा नव्हता. दिवा लावण्याची वेळ होती. जंतूंचा उगम माणूस असेल, तर माणसे खोलीत असतानाच हवा स्वच्छ करावी लागेल. दुसरी वेळ उपयोगाची नाही.

आता आपला रिवाज पाहा. रात्री खोली रिकामी असते. हवेतले बहुतेक पापुद्रे काही तासांत आपोआप खाली बसलेले असतात. त्या वेळी आपण दिवा लावतो. सकाळी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका, मदतनीस आणि रुग्ण आत येतात, तेव्हा दिवा मालवतो. रात्री निर्मनुष्य पेठेत गस्त घालायची आणि बाजार भरताच पहारेकऱ्याला घरी पाठवायचे, अशातला हा प्रकार आहे. दिव्याची शक्ती ज्या क्षणी लागते, नेमक्या त्याच क्षणी तो बंद असतो.

रिकाम्या खोलीतला दिवा सर्वत्र निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक रुग्ण घरी गेल्यावर आणि दुसरा येण्याआधी वॉर्डातली खोली नेहमीच्या सफाईबरोबर अतिनील यंत्रानेही निर्जंतुक केली, तर काही हट्टी जंतूंची लागण सुमारे तीस टक्क्यांनी घटली. पण तिथला प्रश्न वेगळा आहे. आधीच्या रुग्णाने पलंगावर आणि कठड्यांवर मागे ठेवलेले जंतू, हा वॉर्डातला शत्रू. चालू शस्त्रक्रियेत हवेत उतरणारे जंतू, हा थिएटरमधला शत्रू. एका लढाईतले यश दुसरीत मोजता येत नाही. तसेच एका लढाईतले अपयशही मोजता येत नाही.

१९६४चा अहवाल खरोखर काय सांगतो?

आता पूर्वपक्षाच्या मुख्य बुरुजाकडे वळू. ‘१९६४मध्ये हा प्रयोग फसला’ असे म्हणणारे त्या अहवालातला एकच आकडा सांगतात, एकूण सरासरीचा. अहवालात सरासरीशिवाय आणखी बरेच काही आहे.

त्या अभ्यासात जखमांचे वर्ग पाडले होते. आज शल्यशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी स्वच्छ, स्वच्छ पण दूषित होण्याजोगी, दूषित आणि घाण अशी जखमांची जी विभागणी शिकतो, तिचे मूळ याच अभ्यासात आहे. सर्वांत स्वच्छ जखमांच्या वर्गात, म्हणजे ज्यांत आतडे, श्वासमार्ग किंवा मूत्रमार्ग उघडलेला नाही, आधीचा दाह नाही आणि निचऱ्याची नळीही ठेवलेली नाही अशा जखमांत, दिव्याविना संसर्गाचे प्रमाण ३.८ टक्के होते. दिव्याखाली ते २.९ टक्के झाले. म्हणजे या वर्गातला जवळजवळ चौथा हिस्सा संसर्ग टळला. बाकीच्या वर्गांत फायदा दिसला नाही.

याचा अर्थ काय? आतडे फाटलेल्या रुग्णाच्या जखमेत जंतू आतड्यातून येतात. तिथे हवा कितीही शुद्ध केली तरी काय साधणार? तिथल्या संसर्गापुढे हवेतून येणारे जंतू नगण्य असतात. स्वच्छ जखमेत मात्र आतून जंतू येण्याचा मार्गच नसतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांचा वाटा मोठा ठरतो. किरण हवेतले जंतू मारतात, म्हणून त्यांचा परिणाम जिथे दिसायला हवा तिथे दिसला आणि जिथे दिसू नये तिथे दिसला नाही. शास्त्राला याहून सुसंगत उत्तर कोणते हवे होते?

दोन्ही वर्ग एकत्र मिसळले की परिणाम सरासरीत बुडतो. चष्म्याचा उपयोग तपासण्यासाठी अधू डोळ्यांची आणि धडधाकट डोळ्यांची माणसे एकत्र मोजून, सरासरी दृष्टी सुधारली नाही म्हणून चष्मा निरुपयोगी ठरवला, तर तो निष्कर्ष आपण मान्य करू काय? नाही. मग १९६४च्या सरासरीवरून दिव्याचा निकाल कसा मान्य करायचा? त्या अहवालाने दिव्याची मर्यादा ठरवली. त्याने दिवा बाद केला नाही.

थोडेसे जंतू, मोठा अनर्थ

३.८ वरून २.९, हा फरक कोणाला किरकोळ वाटेल. हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेत तो किरकोळ मानताही येईल. टाक्यात पू झाला तर टाके मोकळे करता येतात, ड्रेसिंग करता येते आणि जखम भरते. पण खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलला, मोडलेल्या हाडात रॉड घातला, की गणित उलटते.

१९५७ साली इलेक आणि कोनेन यांनी माणसांच्या त्वचेवर प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. नुसत्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकोकसचे लाखो जंतू लागतात. तिथे टाक्याचा रेशमी धागा असेल, तर काहीशे जंतू पुरतात. शरीरात परकी वस्तू असली की जंतू तिला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत कवच तयार करतात; मग शरीराच्या पेशी आणि औषधे दोन्ही तिथे हतबल होतात. हवेतून जखमेत पडणाऱ्या मोजक्या जंतूंना साध्या जखमेत शरीर संपवते. धातूच्या सांध्यावर पडलेले तेच मोजके जंतू रुग्णाचा पाय घेऊ शकतात.

ब्रिटनचे जॉन चार्न्ले यांना हे अनुभवातून कळले. खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा त्यांनी उभा केला. आणि सुरुवातीला त्यांच्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण सात टक्क्यांहून अधिक होते. त्यांनी टेबलाभोवती शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष उभारला, शल्यविशारदाच्या अंगावरची हवा बाहेर ओढून घेणारे पोशाख केले. काही वर्षांत संसर्ग एक टक्क्याच्या खाली आला. पुढे १९८२ साली ओवेन लिडवेल आणि सहकाऱ्यांनी खुब्याच्या आणि गुडघ्याच्या आठ हजारांवर शस्त्रक्रियांत हे पारखून पाहिले. नेहमीच्या हवेत खोल संसर्ग १.५ टक्के होता, अतिशुद्ध हवेत ०.६ टक्के. त्याच वर्षी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सांधा बदलताना जखमेत सापडणारे बहुतेक सगळे जंतू थेट किंवा आडवाटेने हवेतूनच आलेले असतात.

म्हणजे या शस्त्रक्रियांत हवा हा दुय्यम विषय नाही. तोच मुख्य विषय आहे. हवा शुद्ध करण्याचे साधन कोणते, एवढाच प्रश्न उरतो. गाळणी हे एक साधन. किरण हे दुसरे. १९९१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी खुब्याच्या शस्त्रक्रियांत दोन्ही साधनांखाली हवेतले जंतू मोजले, तेव्हा अतिनील दिवे चार्न्ले यांच्या धर्तीच्या शुद्ध-हवेच्या कक्षाला तोडीस तोड ठरले. मग एका साधनाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला बहिष्कार, हा भेद कशाच्या आधारावर?

एकोणीस वर्षांचा दाखला

२००७ साली ‘जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी’त मेरिल रिटर आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका रुग्णालयात एकाच शल्यविशारदाने एकोणीस वर्षांत केलेल्या ५,९८० सांधेबदल शस्त्रक्रियांचा त्यात हिशेब आहे. सुरुवातीच्या काळात लॅमिनार फ्लो होता, दिवे नव्हते. नंतर तो प्रवाह थांबवून शस्त्रक्रिया चालू असताना अतिनील दिवे लावले. दिव्यांविना संसर्ग १.७७ टक्के, दिव्यांसह ०.५७ टक्के. तिपटीहून अधिक फरक.

या अभ्यासावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो योग्य आहे. रुग्ण चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते. आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची तुलना होती. एवढ्या वर्षांत शल्यविशारदाचा हात बसतो, तंत्र सुधारते. फरकाचा काही भाग त्यामुळे असू शकेल. म्हणून हा अंतिम पुरावा नव्हे.

पण अंतिम पुरावा नसणे आणि पुरावाच नसणे यांत फार अंतर आहे. या अभ्यासाची दिशा १९६४च्या स्वच्छ जखमांच्या निष्कर्षाशी जुळते. ती इलेक-कोनेन यांच्या प्रयोगाशी जुळते. ती लिडवेल यांच्या शुद्ध हवेच्या निष्कर्षाशी जुळते. स्वीडनमधल्या मोजणीशीही जुळते. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या पद्धतींच्या अभ्यासांनी एकाच दिशेला बोट दाखवले, तर वैज्ञानिकाने काय करावे? अधिक काटेकोर परीक्षा घ्यावी. पाठ फिरवू नये.

मार्गदर्शिकेतली विसंगती

आता अधिकाराच्या मुद्द्याकडे. सीडीसीच्या १९९९च्या मार्गदर्शिकेत किरणांविरुद्ध शिफारस करताना दिलेले कारण असे, की शस्त्रक्रियेतल्या अतिनील किरणांनी संसर्गाचा एकूण धोका घटल्याचे दिसलेले नाही. एकूण धोका. म्हणजे पुन्हा तीच सरासरी. स्वच्छ जखमांचा वर्ग इथे वेगळा काढलेला नाही.

तीच मार्गदर्शिका शुद्ध हवेविषयी काय सांगते? हाडात कृत्रिम भाग बसवण्याच्या शस्त्रक्रिया अतिशुद्ध हवेच्या खोलीत करण्याचा विचार करावा. इथे मात्र हाडांच्या शस्त्रक्रिया वेगळ्या काढल्या. गाळणीचे मोजमाप योग्य वर्गात केले आणि किरणांचे सरसकट. एकाच दस्तऐवजात दोन तराजू. अधिकाराचा आदर मी करतो. पण अधिकारी ग्रंथात विसंगती असेल तर ती दाखवणे, हाही आदराचाच भाग आहे.

शिवाय ती मार्गदर्शिका १९९९ची. रिटर यांचा अभ्यास त्यानंतर आठ वर्षांनी आला. जो पुरावा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, त्याच्याविरुद्ध तो निकाल कसा वापरता येईल?

राहिला पर्यायाचा मुद्दा. ‘लॅमिनार फ्लो आहे ना!’ असे म्हणणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची मार्गदर्शिका वाचावी. सांधेबदल शस्त्रक्रियेत संसर्ग घटवण्यासाठी लॅमिनार फ्लो वापरू नये, असे ती सुचवते. पुरावा दुबळा आहे आणि खर्च मोठा आहे, असे तिचे म्हणणे. त्या निष्कर्षावरही वाद आहेत. परंतु ज्या यंत्रणेच्या भरवशावर दिवा निवृत्त केला, ती यंत्रणाच आज निर्विवाद राहिलेली नाही. पर्याय असा ठाम असता, तर चौथा मुद्दा टिकला असता. तो टिकत नाही.

धोका खरा, निष्कर्ष चुकीचा

सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका करणार नाही. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून अधिक घातक. अमेरिकेच्या निऑश या कामगार-सुरक्षा संस्थेने कामाच्या आठ तासांत उघड्या डोळ्यांना आणि त्वचेला सोसेल अशी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल अशी ठरवली आहे. जखमेपाशी किरणांची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २५ मायक्रोवॅट धरली, तर ही मर्यादा चार मिनिटांत ओलांडली जाते. ती ओलांडल्यावर काय होते, हे वेल्डिंगचे काम करणाऱ्या कोणालाही विचारा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसवत नाही. कारण दोन्हीकडे अतिनील किरणच आहेत.

पण धोका आहे म्हणून साधन टाकायचे, हा नियम आपण हाडांच्या थिएटरमध्ये अन्यत्र पाळतो काय? मोडलेल्या हाडात सळई घालताना सी-आर्म लावतात. सी-आर्ममधून क्ष-किरण येतात, आणि ते अतिनील किरणांसारखे त्वचेपाशी थांबत नाहीत. शरीराच्या आरपार जातात. आपण सी-आर्म बंद केला नाही. आपण शिशाचा एप्रन घातला. अतिनील किरणांपासून बचाव याहून कितीतरी सोपा आहे. साधी काच आणि चेहऱ्यावरचे पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण हे किरण अडवतात. पूर्ण बाह्यांचा दाट विणीचा पोशाख, मान झाकणारी टोपी, हातमोजे, रुग्णाच्या डोळ्यांवर आणि उघड्या अंगावर आच्छादन. बहुतेक गोष्टी थिएटरमध्ये आधीच असतात. त्या चोख आणि पूर्ण वापरायच्या, इतकेच.

माणसांच्या उपस्थितीत हे किरण वापरताच येत नाहीत, हा दावा तर जागतिक आरोग्य संघटनेनेच निकाली काढला आहे. क्षयरोगाचा प्रसार रोखण्यासाठी खोलीच्या वरच्या भागात, डोक्याच्या वर, अतिनील दिवे लावण्याची सशर्त शिफारस तिच्या २०१९च्या मार्गदर्शिकेत आहे. खाली रुग्ण, वर किरण, आणि हवा फिरती. पेरूच्या लिमा शहरात आणि दक्षिण आफ्रिकेत या पद्धतीची परीक्षा झाली आहे. तिथे वॉर्डातली हवा ज्या गिनीपिगांपर्यंत पोहोचवली, त्यांच्यातली क्षयाची लागण मोठ्या प्रमाणात घटली. क्षयरोग्याच्या वॉर्डात जे शक्य आहे, ते थिएटरमध्ये अशक्य कसे? दिवा बंद पेटीत ठेवून पंख्याने हवा तिच्यातून फिरवणारी यंत्रेही आहेत. त्यांत किरण बाहेर येतच नाहीत.

आधी हात, मग हवा

पाचवा मुद्दा उरला, अग्रक्रमाचा. इथे मी पूर्वपक्षाच्या बाजूला उभा आहे आणि ते ठासून सांगतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शंभर शस्त्रक्रियांमागे सुमारे बारा रुग्णांना संसर्ग होतो, असे २०११ साली ‘लॅन्सेट’मधल्या एका व्यापक आढाव्यात दिसले. त्यांतल्या बहुतेक संसर्गांवर दिवा हा उपाय नाही. वेळेवर दिलेले प्रतिजैविक, नीट धुतलेले हात, नियमित तपासलेला ऑटोक्लेव्ह, वस्तऱ्याने केस न काढणे, थिएटरमधली ये-जा कमी ठेवणे, हे आधी. २०२२ साली भारतासह सात देशांत झालेल्या चीता या प्रयोगात पोटाची जखम शिवण्याआधी नुसते हातमोजे आणि अवजारे बदलली, तर संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. जिथे हे होत नाही, तिथे कोणी दिवा विकत घेत असेल, तर मीच त्याला विरोध करीन.

पण ‘आधी ते’ याचा अर्थ ‘हे कधीच नाही’ असा होत नाही. अग्रक्रम म्हणजे क्रम. क्रमात पुढची पायरीही असते.

आणि ती पायरी आपल्याच भागाला सर्वांत जास्त लागणार आहे. बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावाचा विचार करा. तुरीच्या शेतात किंवा घराच्या ओट्यावरून पडून म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडतो. घरचे लोक त्याला कलबुर्गीला, बिदरला, उमरग्याला नाहीतर सोलापूरला नेतात. सांधा बसतो. पुढे संसर्ग झाला, तर दुसरी शस्त्रक्रिया, बसवलेला सांधा काढणे, आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध, मग तिसरी शस्त्रक्रिया. एका हंगामाचे पीक पहिल्या शस्त्रक्रियेत जाते. दुसऱ्या-तिसऱ्यात जमीन जाते. अशा घरासाठी एक टक्क्याचा फरक हा आकडा नाही, ते घर आहे. महागडी लॅमिनार यंत्रणा प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाला परवडणार नाही. तुलनेने स्वस्त साधनाची प्रामाणिक परीक्षा टाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

मंडन

खंडन इथे संपते. पण नुसत्या खंडनाने रुग्णाचे भले होत नाही. म्हणून काय करावे, तेही सांगतो.

पहिले, भिंतीवरच्या दिव्याविषयीचा भ्रम दूर करावा. नळीतून दिसणारा निळसर उजेड म्हणजे जंतू मारणारे किरण नव्हेत. ते किरण अदृश्य असतात. नळी जुनी झाली की किरण घटतात, निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो. नळीवर धूळ बसली की किरण अडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की परिणाम कमी होतो. आडोशाला, ट्रेच्या खाली, चादरीच्या घडीत किरण पोहोचतच नाहीत. म्हणून तीव्रता मोजणारे मीटर नसेल, तर दिवा खरोखर काम करतो आहे की नाही, हे कळतच नाही. आणि अवजारे अतिनील पेटीत ठेवून निर्जंतुक झाली असे मानणे तर धोकादायकच. त्यांना वाफेचा ऑटोक्लेव्हच हवा.

दुसरे, चालू शस्त्रक्रियेतले किरण सांधेबदल आणि हाडात धातू बसवण्याच्या स्वच्छ शस्त्रक्रियांपुरतेच विचारात घ्यावेत. प्रशिक्षण, पूर्ण आच्छादन आणि मोजमाप यांशिवाय कोणीही स्वतःच्या हिमतीवर ते सुरू करू नयेत. २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे त्वचेच्या वरच्या मृत थरापलीकडे फारसे जात नाहीत, असे कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड ब्रेनर यांच्या गटाने दाखवले आहे. त्यांचा दीर्घकालीन अभ्यास पूर्ण व्हायचा आहे, पण ती वाट आशेची आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : परीक्षा. १.७७ आणि ०.५७ यांतला फरक खात्रीने पारखायचा, तर चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या दोन्ही गटांत प्रत्येकी हजार-दीड हजार रुग्ण तरी लागतील. एका रुग्णालयाला ते पेलणार नाही. पण बिदर, कलबुर्गी, लातूर, अंबाजोगाई आणि सोलापूर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. या सगळ्यांनी मिळून सांधेबदलाच्या आणि सळईच्या शस्त्रक्रियांची एकच नोंदवही ठेवली, प्रत्येक रुग्णाचा वर्षभर पाठपुरावा केला आणि त्यात अतिनील किरणांची रीतसर परीक्षा घेतली, तर जगाला हवे असलेले उत्तर या पट्ट्यातून मिळेल. राज्यांची सीमा मधून गेली आहे खरी, पण जखमेतला जंतू कर्नाटक आणि महाराष्ट्र असा भेद करत नाही. संशोधनानेही करू नये.

त्या परीक्षेत दिवा हरला, तर मी हे मत मागे घेईन आणि जाहीरपणे घेईन. परंतु परीक्षेआधीच हरला म्हणून सांगणे आता थांबले पाहिजे. १९६४च्या अहवालाने स्वच्छ जखमांविषयी जे सांगितले, ते वाचकांपुढे आहे. १९९९च्या मार्गदर्शिकेने ते कसे सरासरीत बुडवले, तेही पुढे आहे. प्रतिपक्षाची बाजू मी लपवलेली नाही. साठ वर्षे ‘फसलेला’ म्हणून शिकवला गेलेला हा प्रयोग खरोखर फसला होता काय, याचा निवाडा वाचकांनी करावा. आणि ती परीक्षा तडीस नेण्याचे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावे.